तिसरा हात

गुरांच्या दवाखान्याचं दार.
सागाचं, जुनं, खालून पावसानं कुरतडलेलं.
झिबलकाकाला काम मिळालं, म्हणजे मला मिळालं.
काकाच्या डोळ्यांवर आता साय धरली आहे,
उघड्या राहिलेल्या डब्यातल्या रंगावर धरते तशी.

चार दिवस नुसतं घासणं.
जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक,
लाकडाच्या रेषेनं, आडवं कधीच नाही.
भेगांत लांबी भरली, वाळली, पुन्हा घासली.
येणारेजाणारे विचारत,
"कावो, रंग कधी लावता?"
काका न पेटवलेली बिडी ओठात धरून म्हणे,
"लावूनच राह्यलो ना बाप्पा."

अस्तर. मग पहिला हात. मग दुसरा.
आमच्या धंद्यात थराला हात म्हणतात.

दुसऱ्या हाताला जिनिंगनं दगा दिला.
दुपारी वारा फिरला
आणि ओल्या निळ्यावर कापसाची लव येऊन बसली.
दाराला मिसरूड फुटलं.
मी नखानं काढायला गेले, तर काका ओरडला,
"वाळू दे! ओल्या रंगाशी भांडून
आजवर कोणी जिंकलं का?"
वाळू दिलं. घासलं. पुन्हा तिथंच आलो.

तिसऱ्या हातासाठी अमावास्येची वाट पाहिली,
त्या दिवशी जिनिंग बंद.
पहाटे चारला अंगणात पाणी शिंपून धूळ निजवली,
रंग काकूच्या विरलेल्या लुगड्यातून गाळला,
टोपणभर टरपीन, दोन थेंब जवसाचं तेल.
बिजागरीवरून उतरवलेलं दार विटांवर, भिंतीला टेकून.
काका पाठमोरा, उपड्या डब्यावर.
त्याला दिसत नव्हतं. तो ऐकत होता.

"कोरडा वाजते. बुडव."
"आता जास्त झाला, ओघळंन."
"ओल्या काठातूनच पुढं जाजो, नाहीतर सांधा दिसते."
आणि शेवटी, अगदी हळू,
"आता दाबू नको. नुसतं ब्रशाचं वजन.
निजल्या लेकराच्या तोंडावरची माशी हाकलत्येस ना, तसं."

खालून वर, एकच ओढ.
केसांच्या रेषा उमटल्या
आणि माझ्या डोळ्यांदेखत एकमेकींत विरल्या.
पंगतीत माणसं सरकून सरकून बसतात
तसा रंग आपला आपण बसला.

उजाडलं तेव्हा दारात कडुनिंब होता,
बांधलेली एक म्हैस होती,
आणि ब्रश हातात धरून उभी असलेली मी.
ड्रेसर गुणवंत आला, पाहून म्हणाला,
"ढोराइले आरसा दाखवता का?"
मी हसले नाही. मला ते खरं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी दार चढवलं.
लागेना.
ढकललं, खांदा दिला, चौकटीत अडकून बसलं.
अस्तर, लांबी, तीन हात,
सगळे त्या एका काठावर जमले होते.
काका खोकला येईस्तोवर हसला.
"आरसा केला पोरी. दार करायचं राह्यलं."

काठाचा रंग मीच खरवडला,
मीच चढवलेला, पहाटेचा.
निळं पीठ पायांवर पडत होतं.
मग त्या अरुंद पट्टीवर एकच पातळ हात,
जो दार लावल्यावर कुणालाच दिसणार नाही.

संध्याकाळी काकानं कान वळवला.
मी दार ओढलं.

"हं," तो म्हणाला. "आता वाजलं."
आणि बिडी पेटवली.