सेकंडमध्ये टाका

इंदापूरकर म्हणाले, काल सुरू झाली होती.
रामऔतारने माझ्याकडे पाहिलं,
मग बॉनेटकडे, मग पुन्हा माझ्याकडे.
विकणाऱ्याची गाडी नेहमी कालच सुरू झालेली असते.

जिवाजीगंजच्या त्या बोळात अकरा वाजले तरी
कोहरा उठला नव्हता.
जुनी झेन, एमपी शून्य सात, रंग कधीकाळी चंदेरी,
टपावर कडुनिंबाच्या काड्या,
वायपरखाली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका,
तारीख उलटून गेलेली.

किल्ली फिरवली. टक्.
पुन्हा फिरवली. टक्.
जीभ टाळूला लावून कुणी नुसतं च्यक् करावं,
बाकी काही बोलू नये, तसं.

रामऔतार बोटं मोडत गेला:
बॅटरी कमजोर. सेल्फ गेलेला. होज पाइप उंदरांनी कुरतडलेला.
टायरांत बोट जाईल एवढ्या भेगा.
“दीदी, पैंतालीस छोड़ो, पच्चीस में भी सोचना।”
इंदापूरकर हातभर अंतरावर उभे होते.
त्यांनी गजकची पुडी पुढे केली.
“मुरैन्याची आहे. घ्या.”

एक्कावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलंय मी.
शिकवणारा पोरगा महिनाभर ओरडत होता, आंटी, क्लच, क्लच.
मुरारच्या शाळेत पोचेपर्यंत जानेवारीत स्कूटीवर
बोटं माझी राहत नाहीत, हँडलची होतात.
आणि नवी गाडी म्हणजे
रिटायर होईपर्यंत हप्ते.

आत बसले तर गुडघे स्टीअरिंगला टेकले.
सीट पार पुढे ओढलेली, तिच्यावर
चौघडी घातलेली सोलापुरी चादर.
ज्या कुणाची ही जागा होती
ती माझ्याहून चांगली वीतभर बुटकी.
“सीट मागे घेऊ?”
ते म्हणाले, राहू द्या.
मग म्हणाले, घ्या की, घ्या.
खटका गंजला होता. सीट हलली नाही.

समोरच्या कप्प्यात दोनशे पानी वही.
तिरपं, घाईचं अक्षर:
दहा लिटर. हवा चारी चाकांत. शिवपुरी, जाऊन येऊन.
भिंड रस्त्यावर पंक्चर, स्टेपनी मीच लावली.
त्या “मीच”खाली रेघ.
निम्मी वही कोरी.

तेवढ्यात इंदापूरकर डावीकडून आत येऊन बसले
आणि त्यांनी पट्टा लावला.
जागची न हलणाऱ्या गाडीत.
“मला येत नाही चालवता,” ते म्हणाले,
“कधी शिकलोच नाही. लागलंच नाही.”
मग काल कोणी सुरू केली होती
हे मी विचारलं नाही.

रामऔतारने गल्लीतली दोन पोरं धरली,
धक्का मारत उतारापर्यंत आणली.
तिथे अचानक डावीकडून
“किल्ली ऑन. क्लच दाबा. सेकंडमध्ये टाका.
घाई नको. वेग येऊ द्या, येऊ द्या,
आता सोडा!”
हे बोलणं त्यांचं नव्हतं.
कुणाच्या तरी शेजारी वर्षानुवर्षं बसून
पाठ झालेलं होतं.

गाडीने आचका दिला. खोकली. एकदाच.
धुराचा एक पुंजका कोहऱ्यात गेला,
कुठला कोहरा, कुठला धूर, कळेना.
पोरांनी टाळ्या वाजवल्या
आणि ती हलवायाच्या दारात बंद पडली.
चढावर परत ढकलताना इंदापूरकरही उतरले.
त्यांचा हात मागच्या काचेवर होता,
ढकलत होते की टेकला होता, सांगता येत नाही.

“मग?” असं त्यांनी विचारलं नाही.
“कळवते,” असं मी म्हणाले.

रात्री गजकच्या कागदावर बेरीज केली.
रामऔतारचं बरोबर आहे. घेऊ नये.
कोट खुंटीला लावताना खिशात वाजलं काहीतरी.
किल्ली. माझ्याकडेच राहिली.

त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.
फक्त रामऔतारला विचारलंय,
गंजलेला खटका
तेलाने सुटतो का.