सातवा प्रश्न

महिन्याभरात तुमची रक्कम
वीस टक्क्यांनी उतरली, तर तुम्ही काय कराल?
बँकेतला पोरगा, फालकांचा, पेन पुढे करून थांबलेला.
आत एसी. बाहेर जळगाव, शेहेचाळीस.

मी डाळमिलमध्ये हिशेब लिहितो.
तुरीचा भाव रोज सकाळी पाटीवर चढतो, उतरतो,
माझ्या पोटात काही हलत नाही.
ती तूर माझी नसते.

घर घेण्याआधी माझ्याकडे शेअर होते. थोडे.
भाड्याच्या दोन खोल्यांत
पेपरातल्या बारीक आकड्यांवर बोट फिरवत बसायचो,
आणि पडले तरी झोप लागायची.
जायला होतंच काय,
एक कूलर, एक लोखंडी कपाट.

मग पिंप्राळ्याचं घर, वीस वर्षांचा हप्ता.
शेअर विकले, त्यांची फरशी झाली.
पुढे उरलं ते पोस्टात, पतपेढीत,
जिथे पैसा मान खाली घालून बसतो
भित्र्या पोरासारखा, बाकावर शेवटी.
डोक्यावर हप्ता असलेल्या माणसाने
पायाखाली वाळू ठेवू नये,
असं मी चारचौघांत सांगायचो. चारचौघं मान हलवायचे.

पण पायाखाली काळी माती आहे.
एप्रिलात भेगाळते, हात जाईल इतकी.
जुलैत फुगते, घराला खालून ढोसते.
खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली
तिला सहा वर्षं झाली.
मी तिच्यात रुपयाचं नाणं धरून बघतो.
उन्हाळ्यात आत जातं, पावसाळ्यात जात नाही.
म्हणजे घरही चढतं-उतरतं,
त्याचा भाव फक्त कोणी छापत नाही.

गल्लीतल्या नेहेत्यांनी घर विकायला काढलं.
अकरा महिने गिऱ्हाइकं आली,
नळ सोडून बघितले, चहा पिऊन गेली.
शेवटी किती मिळाले ते नेहेते सांगत नाहीत,
विचारलं की मुलाच्या पुण्याविषयी बोलतात.
त्या रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मोजलं:
पगार इथला, घर इथलं, पतपेढी इथली.
उद्या मिलला कुलूप लागलं
तर ज्या दिवशी मला घर विकावं लागेल
त्याच दिवशी आमच्या गल्लीत चौघांना विकावं लागेल.
सगळं धान्य एका कणगीत,
आणि मी तिला सुरक्षित म्हणत आलो
कारण तिला दार होतं, दाराला माझं नाव.

कुमुद शेजारच्या खुर्चीत. इतका वेळ गप्प.
पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला.
महिन्याला सातशे, शिकवणीच्या पैशांतून,
वास्तुशांत झाली त्या महिन्यापासून.
नऊ वर्षं.
मी आकडा दोनदा वाचला, मग तिच्याकडे बघितलं.
"घर उभं राह्यलं नं," ती म्हणाली,
"मंग पैशाले पयू द्या."

ज्या भिंतीकडे बघून मी हात आखडला
तिलाच पाठ टेकून ही नऊ वर्षं.

"आणि मधे सगळं कोसळलं होतं, तेव्हा?"
"कोसळलं तं. कागद पिठाच्या डब्याखाली होता.
तुम्ही चीर पाहत होते,
म्या काही पाह्यलंच नाही."

पोरगा हसला, मग हसू आवरलं.
"काका, तिसऱ्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय,
घर स्वतःचं."
हो. म्हणजे अकरा वर्षांनी.
त्याने ते तसंच राहू दिलं.
"आणि सातवा?"

माझा हात खिशात गेला.
नाणं होतं. छापा-काटा करायला नाही,
नुसती सवय.
पेन कुमुदने घेतलं.
काही करणार नाही, या ओळीपुढच्या चौकटीत
खूण करून फॉर्म माझ्याकडे सरकवला, सहीला.

सही केली. हात थोडा हलला.
मग उठलो,
चुन्याची पिशवी घ्यायची होती,
ऊन उतरलं की गच्चीला मारायला.