शेराला कमी पडलेलं

रविवारी सकाळी लक्ष्मीपुरीत
रज्जाक शिकलगारच्या ताडपत्रीसमोर
मी उकिडवा बसतो.
बसायची एक रीत असते:
हवं त्याच्याकडे बघायचं नाही.
नको त्या किसणीचा भाव विचारायचा,
झाकण हरवलेला कुकर उगाच हलवून बघायचा,
आणि हात जाता जाता लागला असं दाखवून
अडकित्त्यावरचा पितळी मोर
अंगठ्यानं चाचपायचा.

बारा वर्षांत या रीतीनं मला बरंच दिलं.
चाळीस रुपयांच्या शिवणडब्यात, बटणांच्या खाली,
संस्थानच्या काळातली कोर्टाची तिकिटं,
पाठीवरचा गोंद अजून शाबूत.
फुटक्या फ्रेमीत, गणपतीच्या मागे पाठीला पुठ्ठा म्हणून
कुठल्या तरी मूकपटाची जाहिरात,
निम्मी वाळवीनं वाचलेली.
माणसं कप सरळ धरून फुलं बघतात.
मी उलटा करतो.
कपाची खरी गोष्ट बुडाला छापलेली असते.

कळशीवरची टिंबाटिंबांची नावंही मी वाचतो:
चि. गोदाक्का हिस, मामा यल्लाप्पा याजकडून.
ती कळशी मोडीत का आली हे विचारत नाही.
ज्या कपाटांच्या पायांवर पुराची रेघ आहे
त्यांनाही विचारत नाही.
ओठ मिटून पैसे मोजतो.
बाजारात याला व्यवहार म्हणतात.
घरी, रात्री, दिवा बंद केल्यावर
मला तो शब्द पुरत नाही.

त्या रविवारी ढिगात काहीच नव्हतं.
एक पळी, दोन ताटल्या, पोचे आलेलं घंगाळ.
रज्जाकनं तागडी उचलली.
डाव्या पारड्यात माझं घंगाळ,
उजव्यात एक बुटकं पितळी वजन, घंटेच्या आकाराचं,
गळ्यात तारेनं बांधलेला लोखंडी नट.

"हे काय?"
"शेर हाय जुना. किलोला कमी पडतोय.
अब्बांनी उद्यमनगरातला नट बांधला,
झाला किलो."

बारा वर्षं मी ढीग उपसत होतो.
ढीग ज्यानं तोलला जायचा
ते वजन दर रविवारी माझ्या नाकासमोर
वर-खाली होत होतं.
उलटा केला. बुडाला छाप.
'करवीर'मधला शेवटचा 'र' झिजून गेलेला.
तोंडावर काही येऊ न देता मी विचारलं,
"ही किसणी कितीला?"
रज्जाक म्हणाला,
"शेर इकला तर बाकीचं तोलू कशानं?"

पुढच्या रविवारी मी नवंकोरं वजन घेऊन गेलो,
सरकारी शिक्क्याचं, पावतीसकट.
त्यानं ते हातात झेललं, दोनदा.
मग नवं एका पारड्यात, जुना दुसऱ्यात,
आणि पितळेच्या मोडीचा भाव सांगितला.

बारा वर्षांत पहिल्यांदा माझी रीत मोडली.
म्हणालो, "रज्जाक, हा मोडीचा माल नव्हे.
शौकीन माणूस याचे हजारांत देईल."
"ठावं हाय की.
गुजरीतला एकजण दोनदा येऊन गेला.
तुमच्यावाणीच, आधी किसणीचा भाव इचारायचा."
"मग त्याला का नाही दिलास?"
"त्यानं नोटा आनल्या.
नोटांनी तोलता येतंय व्हय?"

पैसे त्यानं मोडीच्या भावानंच घेतले.
मी वर धरलेली नोट
घंगाळात टाकली, घंगाळ मला परत दिलं.
मग पक्कड घेतली,
शेराच्या गळ्यातली तार सोडली,
आणि नट शर्टाच्या खिशात टाकून
वरचं बटण लावलं.
"ह्यो ऱ्हाऊ दे. ह्यो अब्बांचा."

घरी चिंच लावून घासला.
पिवळाधमक निघाला, 'र'सुद्धा अंधुक उमटला.
मी भूमी अभिलेखातला कारकून,
जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या.
बायकोच्या स्वयंपाकाच्या काट्यावर
शेर ठेवून बघितला: नऊशे एकतीस.
काटा शून्यावर आणून परत ठेवला.
नऊशे एकतीस.

कपाटात तिकिटांशेजारी तो आता उभा आहे.
गळ्याभोवती तारेचा वळ आहे,
तो चिंचेनं जात नाही.