दुष्फेन

पिंपळगावच्या मार्केट यार्डासमोर, पहिल्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मी लोकांचं पाणी तपासते.
माणसं कशाकशातून आणतात ते:
थंड पेयाची बाटली, खोकल्याच्या औषधाची,
एकदा तर तोंडाला फडकं बांधलेली लोणच्याची बरणी.
दादा, म्हटलं, ह्यातलं मीठ तुमचं की विहिरीचं?

डिसेंबरातल्या एका सकाळी
निफाडचा पारा चारवर,
द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर अजून उठत होता,
चांदोरीची हर्षाली सांगळे आली.
स्वेटरच्या आत धरून आणलेली बाटली
अजून कोमट.
“डाळ शिजत नाही,” म्हणाली.
इथे पाणी तपासतात, मी म्हटलं.
“तेच ना. सहाव्या शिट्टीलाही दाणा दाताखाली येतो.
घरात म्हणतात, हिचा हातगुणच तसा.”

नमुना क्रमांक चारशे सतरा.
पन्नास मिलिलिटर चंबूत. वरून अमोनियाचं बफर
(नाक बाजूला घे),
चिमटीभर काळी भुकटी,
आणि पाणी थेट वाइनच्या रंगाचं.
हर्षाली मागे सरकली.
“हे आमच्या विहिरीत होतं?”

रंग नव्हता गं. कॅल्शियम होतं. मॅग्नेशियम होतं.
रंगाने नुसता त्यांचा हात धरलाय.
आता ब्युरेटमधून थेंब थेंब जे पडेल
ते त्यांना एकेक करून सोडवून नेईल.
शेवटचा सुटला की निळं.

दहा. लाल.
वीस. लाल.
“पण दिसायला तर काचेसारखं आहे.”

दिसतंच तसं. बघ,
एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन,
सरळ रेषेत नाहीत, वाकून बसलेले.
ऑक्सिजन जरा आपमतलबी,
तिघांत मिळून असलेले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो;
म्हणून एक टोक ऋण, दुसरीकडे धन.
असं दोन्हीकडून ओढणारं असलं की
क्षारांना नाही म्हणता येत नाही.
(तेलाचं सोड, ते वेगळं भांडण.)
पाऊस मातीत मुरतो,
मुळांनी सोडलेला वायू पिऊन किंचित आंबट होतो,
चुनखडीच्या थरातून उतरतो
आणि तुमच्या विहिरीत पोचेपर्यंत
खिशात दगड घालून येतो.
डाळीच्या दाण्याला तोच दगड आवळून धरतो.

“म्हणजे पाणीच वाईट.”

मी ब्युरेटची तोटी बंद केली.
काल रात्री बागेला पाणी सोडलंत?
“पहाटे तीनला. मीच उठले.”
त्याच विहिरीचं?
“दुसरी कुठली आहे?”
मग तेच पाणी गार होता होता
आपली ऊब वेलींना देत होतं.
दुसरं काही इतक्या सावकाश गार होत नाही.
आणि मुळातून पानापर्यंत क्षार चढतात,
तुझ्या रक्तातून साखर फिरते,
ते ह्याच नाही-म्हणता-न-येण्यावर.
आमच्या फॉर्मवर दोषाचा रकाना नाही.
गुणधर्म, एवढंच छापलंय.

तीस. कडा जांभळ्या.
एकतीस.
बत्तीसला, तिने डोळे मिचकावले तेवढ्यात,
निळं.
“अगं बाई,” ती म्हणाली, मला नाही, चंबूला.

जडपणा: सहाशे चाळीस. सही, शिक्का, दोन प्रती.
तिने कागद उलटसुलट पाहिला.
“सासूबाईंना वाचता येत नाही.”

मग तिला दोन रिकाम्या बाटल्या दिल्या.
एकीत नळाचं, एकीत विहिरीचं,
दोन्हींत साबणाचा सारखा चुरा, आणि हलवायचं.
नळाचं फेसाळेल. दुसऱ्यात
दह्यासारखा साका तरंगेल.
शाळेच्या पुस्तकात ह्याला दुष्फेन म्हणतात.
तो शब्द तिला आवडला, दोनदा म्हणून पाहिला.

आठवड्याने फोन.
सासूबाईंनी बाटली स्वतः हलवली,
खांदा भरून येईपर्यंत,
बांगड्या वाजत होत्या म्हणे.
मग काही बोलल्या नाहीत.
आता डाळीपुरती कळशी नळावरून येते, ती त्याच आणतात,
आणि जाता-येता विहिरीला टोमणे.
“परवा तर म्हणाल्या, हिचा पायगुणच तसा.”

मी हसत होते, तेवढ्यात दारात कुणीतरी
बाळाची दुधाची बाटली घेऊन उभं.
चारशे चव्वेचाळीस. आत या.
झाकण नीट लावा आधी, सांडतंय.