खोली नंबर तीन

होनग्याच्या अलीकडं, हायवेला लागून,
जिथं आमच्या वेळी बटाट्याचं कोल्ड स्टोरेज होतं
तिथं आता बर्फ मिळतो.
तासाला अडीचशे, बूट धरून. मोजे वेगळे.
बोर्डावर कन्नडमध्ये मोठं काहीतरी,
खाली कोपऱ्यात, खिळ्याला चुकवत, मराठी:
'कुटुंबासाठी खास. पडलात तरी लागत नाही.'

समृद्धीनं दोन महिने धोशा लावला होता.
निम्मा वर्ग जाऊन आलाय म्हणे.
मी तिथं पूर्वी होतो, हे तिला माहीत नाही.
मालूला माहीत आहे, खरं ती बोलली नाही.
तिनं फक्त माझी जुनी कानटोपी
न विचारता पिशवीत घातली.

तिघांना तीन भाड्याची जाकिटं,
माझ्या खिशात कुणाचातरी अर्धा पार्ले.
दार मात्र तेच.
तोच लोखंडी दांडा, तीच रबराची पट्टी,
उघडताना म्हैस बसावी तसा तोच सुस्कारा.
खोली नंबर तीन.
आत भिंतभर निळे डोंगर, सुरूची झाडं,
गळ्यात पिंप बांधलेला एक कुत्रा,
आणि चाळीस फूट, असेल नसेल, उतार.

इथंच माळ्यावरून फळी सोडलेली असायची.
पाठीवर पन्नास किलो कडोलीचा बटाटा,
पायाखाली घामानं गुळगुळीत झालेलं लाकूड,
पोत्याला दोन रुपये.
तिसऱ्या सुरूच्या बुंध्यात, रंगाखाली,
खिळ्यानं ओढलेल्या रेघा अजून आहेत:
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
शेवटच्या गठ्ठ्यात दोनच उभ्या.
त्या दिवशी भरमाचा पाय गेला,
आम्ही मोजणी तिथंच सोडली.

"मोणकाल बग्गसु! अंजब्याड!"
शिकवणारा बसू ओरडतो, वीस वर्षांचा असेल,
त्यानं खरा डोंगरातला बर्फ पाहिलेला नाही,
मोबाइलवर बघून शिकलाय, स्वतःच सांगतो.
समृद्धी पडली. उठली. पडली.
तोंडात बर्फ घेऊन हसायला लागली.
मालू खाली बसूनच उतरली,
मंगळसूत्र जाकिटाबाहेर, दोन्ही हात वर,
अशी आरडली की पलीकडचं मारवाडी कुटुंब
टाळ्या वाजवायला लागलं.

मग मी.
फळ्या पायाला बांधल्या.
गुडघे आपोआप वाकले,
कंबर मागं गेली,
मान पोत्याखाली जाते तशी खाली.
पाठीवर काहीच नव्हतं.
तेवढंच जरा अवघड गेलं.
न पडता तळाला पोचलो.
बसू म्हणाला, "सर, आधी कुठं केलंय? मनालीत?"
मी म्हटलं, "इथंच."
त्याला विनोद वाटला.

बाहेर चहाच्या टपरीपाशी गंगाप्पा भेटला.
तेव्हाही वॉचमन, आताही वॉचमन,
फक्त टोपीवर आता हिमकण शिवलाय.
मला नीट न्याहाळून त्यानं विचारलं,
"आत किती हाय?"
"उणे पाच."
तो बराच वेळ हसला.
"बटाट्याला चार चालायचं की रे."
चहाचे पैसे त्यानं घेऊ दिले नाहीत,
भरमाचं मात्र दोघांनीही विचारलं नाही.

परतताना मालू मागं, समृद्धी मध्ये.
बोटं अजून लाल, नाक गळतंय,
मॅगी सूपसारखी पातळ होती ही तक्रार सुरू.
काकतीच्या उताराला स्कूटर लागली
तसे तिनं दोन्ही तळवे
माझ्या पाठीवर टेकले,
बरोब्बर जिथं पोतं असायचं तिथं,
आणि कानाशी ओरडली,
"पप्पा, गुडघे!"