थाळी दिसेनाशी होते तिथे

दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी.
टोकाला पत्र्याची थाळी,
दोन पाव काळी, दोन पाव पांढरी.
रुजार होडी स्थिर धरतो, मी थाळी सोडते.
जिथे ती दिसेनाशी होते
ती गाठ वहीत लिहायची.
महिन्यातून दोनदा, ओहोटीला.

पहिल्या वर्षी दीड गाठ.
कुणी पापणी मिटावी तशी थाळी गेली.
रुजार म्हणाला, ताकात बुडवलीस काय?
ताक कसलं, तांबडा चहा.
त्याला डोंगराचं रक्त म्हणणारे पुष्कळ होते.
मी लिहिलं : गाळ. लिटरमागे इतका.

कुंभारजुव्याच्या खाडीला दोन तोंडं.
एकातून मांडवी आत येते, दुसऱ्यातून झुवारी,
मधे कुठेतरी दोन भरत्या एकमेकींना टेकतात
आणि क्षणभर पाणी कुठेच जात नाही.
बैठकीत भांडण नेमकं त्या जागेवरून.
मांडवीकडचे म्हणतात, घाण झुवारीची.
झुवारीकडचे बार्जांकडे बोट दाखवतात,
बार्जवाले पणजीच्या हॉटेलांकडे.
आणि घाटावरचे, ज्यांच्या शेताकडेला म्हादय उगवते,
ते येत नाहीत.
त्यांना बोलावलं होतं का, हे कुणालाच आठवत नाही.

एस्पेरांस बैठकीला येत नाही ती वेगळ्या कारणाने.
तेव्हा तिची ओहोटी असते.
गुडघाभर चिखलात उभी राहून
ती पायाच्या अंगठ्याने तिसऱ्या शोधते.
‘तुझी थाळी वरवरचं बघते,’ ती म्हणाली,
‘तिसरीला रेती लागते गो.
हा चिखल नव्हे, ही लापशी.
ह्यात ती तोंड कुठे उघडणार?’

मग नऊ नंबरची बाटली.
बर्फाच्या डब्यातून गेली, कागद होऊन परत आली :
मैल्याचे जंतू, मोजण्यापलीकडे.
नऊ नंबर म्हणजे आमच्या न्हाणीमागचा ओहोळ.
बाबा किती अभिमानाने सांगायचे पाहुण्यांना,
आमचा खड्डा वीस वर्षांत एकदाही उपसावा लागला नाही!
त्याला तळ नव्हता.
हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं,
जसं घरातलं काही काही
माहीत असतं.

कागद दोन दिवस माझ्या पर्समध्ये होता.
तिसऱ्या दिवशी वाचला.
आई दुसऱ्या रांगेत बसली होती.
तिने पदर नीट केला, एवढंच.
मांडवीकडचे गप्प, झुवारीकडचेही,
आणि मागून कुणीतरी खुर्ची सरकवत म्हणालं,
आमचापण बघा एकदा.

त्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यावर अकरा खड्डे फुटले.
बाबुसोने मानशीची कुजलेली दारं काढली,
मटीच्या लाकडाची नवी बसवली,
भरती आत घ्यायची तेव्हा घेतो, सोडायची तेव्हा सोडतो,
मधे विडी ओढतो.
बांध फुटला होता तिथे तिवरं लावली,
अर्धी मेली.
उरलेल्यांच्या मुळांत शेवट्यांची पिल्लं
पाण्याला टाके घालत फिरतात.

आता माघात सहा गाठी.
पावसात पुन्हा दोनवर येतात,
वर डोंगर आहेतच, आणि ते कुठल्या बैठकीला बसणार?

परवा एस्पेरांस होडीला टेकली,
म्हणाली, आण बघू ती दोरी.
तिने थाळी सोडली. तिसऱ्या गाठीला म्हणाली, गेली.
मला स्वच्छ दिसत होती.
तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
खाडी तिच्यासाठी अजून पहिल्या वर्षातच आहे.
मी काही बोलले नाही.
तीच खाली उतरली, हळूहळू पाय फिरवत राहिली,
वाकली,
मूठ माझ्यासमोर उघडली.
नखाएवढ्या. तोंडं घट्ट मिटलेली.
मोजून परत सोडल्या तिने, एकेक, रेती चाचपून.

वहीत त्या दिवशी दोन नोंदी आहेत.
माझे डोळे : सहा गाठी.
एस्पेरांसचे पाय : चौदा.