वासे मोजताना

घर विकलं, तेव्हा पाटीवर ‘रेक्टरी’च्या आधी ‘जुनी’ आलं,
आणि किंमत वाढली.

मी गिलावा करते. चुन्याचा.
सिमेंट लावलं की या भिंती आतल्या आत घामेजतात.
वडीलही हेच करायचे, नॉरफकच्या याच कोपऱ्यात, याच घरी,
रेव्हरंड पेलहॅम अ‍ॅस्क्यूंच्या पगारावर नव्हे,
उधारीवर.

पुढून घर लाल विटांचं. वर पाच खिडक्या, खाली चार,
मधोमध दार. भांग पाडल्यासारखं.
मागे या, भांग विस्कटतो:
ओकचे वाकडे खांब, माती, पेंढा, बैलाचे केस.
दोनशे वर्षं आधीचं घर
नवा कोट चढवून उभं. आतला सदरा तोच.

वरची डावीकडची खिडकी म्हणजे खिडकी नाहीच.
खिडक्यांवर कर होता तेव्हा विटांनी बुजवली
आणि काळ्या रंगावर पांढऱ्या रेघा ओढून काचा काढल्या.
दर काही वर्षांनी तो अंधार मी पुन्हा रंगवते.
त्याचं बिल वेगळं.

अभ्यासिकेला बाहेरून स्वतःचं दार आहे,
गावाचा चिखल दिवाणखान्यात येऊ नये म्हणून.
दहावा हिस्सा इथूनच आत जायचा:
दहावी पेंढी, दहावं अंडं, डुकरिणीचं दहावं पिल्लू, ओरडत.
कोण गेलं, हेही इथंच येऊन सांगायचं, टोपी हातात धरून.
उंबऱ्याचा दगड बशीसारखा झिजलाय.
पुढच्या दाराचा अजून धारदार आहे.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.
पण मला मोजायचेच पैसे मिळतात.
गेल्या मंगळवारी माळ्यावर, तोंडात टॉर्च धरून,
पूर्वेकडून मोजले: ओक, ओक, ओक...
दहावा पाइनचा.
कापाकाप सफाईची. वडिलांच्या करवतीची.

आमच्या शेकोटीवरची तुळई
मी लहानपणापासून बघत आलेय.
एका बाजूला तिला उगाचच खाच आहे.

अहवालात लिहिलं: वासे पूर्ण. एक पूर्वी बदललेला.

मिसेस ऑटिली क्रेन विचारतात, अभ्यासिकेचं ते दार बुजवून टाकू या का,
तिथं वाइनचा फ्रिज छान बसेल.
म्हटलं, थंडीत चुना धरत नाही.
उन्हाळ्यात बघू.